मुक्त सॉफ्टवेअर आणि दलालांची दुकाने

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हाधिकारी कार्यालय व न्यायालये यांच्या परिसरात अर्जनवीस आणि टंकलेखक वर्षानुवर्षे बसत आले आहेत. कचेरीतला छापील अर्ज फुकट मिळतो. तो नीट भरून देणे, सोबतचे कागद लावणे, मजकूर नियमात बसेल असा करणे याची मजुरी अर्जनवीस घेतो. खेड्यातून आलेल्या शेतकऱ्यालाही ती मजुरी अन्याय्य वाटत नाही, कारण पैशाच्या बदल्यात काय मिळाले हे त्याच्या डोळ्यांसमोर असते. मात्र आत फुकट मिळणारा कोरा कागद बाहेर आणून 'सरकारी फी' म्हणून कोणी विकू लागला, तर त्याला अर्जनवीस म्हणत नाहीत. त्याला दुसरे नाव आहे. संगणकाच्या जगात आज हे दुसरे काम राजरोस चालते, आणि त्याला मात्र व्यापार म्हणण्याची पद्धत पडली आहे.

लेखनासाठी लिब्रेऑफिस, चित्रकामासाठी गिम्प, चित्रफिती पाहण्यासाठी व्हीएलसी, ही आणि अशी असंख्य सॉफ्टवेअरे जगभरच्या माणसांनी एकमेकांच्या सहकार्याने घडवून सर्वांसाठी खुली केलेली आहेत. निर्मात्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून ती एक पैसाही न देता उतरवून घेता येतात. परंतु सीताबर्डीवरून नवा संगणक घेऊन घरी गेलेला विद्यार्थी किंवा छोटा दुकानदार जेव्हा शोधयंत्रात ही नावे टाकतो, तेव्हा सर्वांत वर निर्मात्याचाच पत्ता येईल याची शाश्वती नसते. वरची जागा जाहिरातदाराला विकलेली असते. त्या जागेवरून भलतेच दुकान उघडते. नाव जवळजवळ तेच, बोधचिन्ह तेच, आणि मग 'सदस्यत्व', 'जलद उतरवणी', 'तांत्रिक साहाय्य' अशा गोंडस नावांनी पैसे मागितले जातात. काही ठिकाणी थेट पैसे मागत नाहीत. मूळ सॉफ्टवेअरला जाहिरातींचा मारा करणारे दुसरे सॉफ्टवेअर चिकटवून देतात आणि त्याची दलाली अन्यत्र वसूल करतात.

ही केवळ आशंका नव्हे. जर्मनीत २०१० च्या आसपास अशा सापळ्यांचे पीक आले होते. ओपनऑफिस, फायरफॉक्स यांसारखी विनामूल्य सॉफ्टवेअरे उतरवण्यासाठी म्हणून नाव-पत्ता भरणाऱ्याच्या हाती वर्षाला ९६ युरोंचे देयक पडत असे, आणि करार दोन वर्षांचा असल्याचे त्याला मागाहून कळत असे. वकिलांच्या नोटिसांना घाबरून कित्येकांनी पैसे भरले. अखेर १ ऑगस्ट २०१२ पासून तेथे कायदाच झाला: ज्या बटणाने पैसे देण्याचे बंधन निर्माण होते, त्या बटणावर तसे स्पष्ट शब्दांत लिहिलेले नसेल तर करारच होत नाही. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून जन्मलेल्या व्हीएलसीच्या संघटनेने २०११ मध्ये उघड तक्रार केली, की जाहिरातीच्या जागा विकत घेऊन काही मंडळी आपल्या सॉफ्टवेअरच्या भेसळलेल्या प्रती लोकांच्या गळ्यात मारीत आहेत. २०१५ मध्ये तर मुक्त सॉफ्टवेअरचे भांडार म्हणून नावाजलेल्या सोर्सफोर्जनेच गिम्पच्या विंडोज आवृत्तीचे खाते स्वतःकडे घेऊन तिच्यासोबत जाहिरातींचा माल बांधून दिला. गवगवा झाल्यावर तो प्रकार थांबला आणि पुढच्या वर्षी मालक बदलल्यावर ती सगळी योजनाच गुंडाळण्यात आली. कुंपणानेच शेत खाल्ल्याचे याहून ठळक उदाहरण शोधावे लागणार नाही.

फुकटाला किंमत लावण्याचे हे तंत्र विदर्भाला अपरिचित नाही. लघुउद्योगांसाठीची उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली. ती पूर्णतः विनामूल्य आहे आणि केंद्रीय मंत्रालयाने तसे वारंवार बजावलेले आहे. तरीही सरकारी वाटावी अशी रचना असलेली खासगी संकेतस्थळे त्याच नोंदणीसाठी हजार-दोन हजार रुपये उकळतात, आणि ज्याने पैसे भरले त्याला आपण सरकारलाच शुल्क दिले असे वाटत राहते. २०२३ मध्ये राज्य सरकारने एक रुपयात पीक विमा आणला, तेव्हा अर्ज भरून देणाऱ्या केंद्रचालकाला प्रत्येक अर्जामागे ४० रुपये विमा कंपनीकडून मिळावयाचे होते. शेतकऱ्याकडून रुपयापलीकडे काही घ्यावयाचे नव्हते. तरीही शंभर-शंभर रुपये घेतल्याच्या तक्रारी गावोगाव झाल्या. ती योजना २०२५ च्या खरिपापूर्वी बंद झाली, पण धडा राहिला. वस्तू फुकट असणे पुरेसे नसते. ती फुकट आहे हे ज्ञान ज्याच्यापाशी नाही त्याला ती फुकट मिळत नाही. अज्ञान आणि वस्तू यांच्यामधल्या या अंतरावरच दलाल घर बांधतो.

येथपर्यंत कोणाचा मतभेद असण्याचे कारण नाही. अडचण पुढे आहे, आणि समाजवादी कार्यकर्त्यांनी ती टाळून जाणे योग्य होणार नाही. मुक्त सॉफ्टवेअर पैसे घेऊन देणे हा स्वतःच गुन्हा आहे काय? या चळवळीचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांचे उत्तर निःसंदिग्ध आहे: नाही. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, आणि १९८५ मध्ये ते स्वतः आपल्या ईमॅक्स या सॉफ्टवेअरच्या फिती १५० डॉलरना विकत होते. ज्यांच्याकडे नेटवर्कची सोय होती ते तेच सॉफ्टवेअर फुकट उतरवून घेत; ज्यांच्याकडे नव्हती ते फितीचे पैसे देत. १९८९ मध्ये सिद्ध झालेल्या आणि २००७ मध्ये तिसरी आवृत्ती निघालेल्या जीपीएल या परवान्यात तर हवी ती किंमत घेण्याची किंवा काहीच न घेण्याची मुभा शब्दांत नोंदवलेली आहे. बंधन आहे ते निराळे. ज्याला प्रत दिली त्याला मूळ संहिता मिळाली पाहिजे. ती वाचण्याचा, बदलण्याचा, आणि पुढे कोणालाही, फुकटसुद्धा, देण्याचा हक्क त्याला मिळाला पाहिजे.

इंग्रजीत मुक्त आणि फुकट या दोन अर्थांना एकच शब्द असल्यामुळे स्टॉलमन यांना चाळीस वर्षे तोच खुलासा करीत हिंडावे लागले आहे. मराठीत हे दोन शब्द स्वतंत्र आहेत. असे असता मराठी वृत्तपत्रांनी आणि संगणकवर्गांनी 'फ्री सॉफ्टवेअर' हा शब्द उचलून त्याचा अर्थ 'फुकट' एवढाच रूढ करावा, याला बौद्धिक आळस म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

विक्रीला मुभा का, हे समजून घेण्यासाठी विदर्भातीलच एक जुनी व्यवस्था उपयोगी पडेल. मध्यप्रांताच्या काळापासून नागपूर, भंडारा, चांदा भागातील गावांना निस्तार हक्क होते: जंगलातून सरपण, बांबू, कुंपणाचे लाकूड घेण्याचे, गुरे चारण्याचे हक्क. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव आणि जंगले सरकारच्या ताब्यात आली, पण निस्ताराची कल्पना लोकांच्या मनातून गेली नाही. या हक्काची मर्यादा अशी, की लाकूड घरच्या गरजेपुरते न्यावे, बाजारात विकू नये. ही मर्यादा रास्त होती. एकाने विकायला गाडीभर लाकूड नेले की दुसऱ्याच्या चुलीला तेवढे कमी पडते. सॉफ्टवेअरचे तसे नाही. एक प्रत कोणी नेली म्हणून दुसऱ्याची प्रत कमी होत नाही. लाखांनी नेली तरी साठा तेवढाच राहतो. म्हणून येथे विक्रीची मनाई सामाईक संपत्तीचे रक्षण करीत नाही. तिचे रक्षण हक्क पुढे सरकत राहण्याने होते. ज्याला प्रत मिळाली तोही गावकरी झाला पाहिजे, नुसता गिऱ्हाईक नव्हे.

ही कसोटी लावली की दुकानदारांची छाननी आपोआप होते. धंतोलीतला एखादा तंत्रज्ञ तीनशे रुपये घेऊन जुन्या संगणकावर लिनक्स बसवून देतो, मराठी टंकलेखनाची सोय करून देतो, बिघाड झाल्यास येऊन पाहतो. तो आपल्या श्रमाची मजुरी घेतो आणि ती त्याला मिळालीच पाहिजे. उलट जाहिरातीच्या जोरावर निर्मात्याच्या पुढे उभे राहून, मूळ पत्ता दडवून, परवान्याचा उल्लेख गाळून पैसे घेणारे संकेतस्थळ कोणतेही श्रम करीत नाही. ते जागेचा खंड वसूल करते. जमीनदार तरी जमिनीचा मालक असे. येथे वाटसुद्धा सार्वजनिक आहे, तिच्या तोंडाशी बसून पथकर घेण्याचाच काय तो उद्योग. आणि गिऱ्हाइकाचे नुकसान केवळ त्या रकमेचे नसते. ही वस्तू आपल्याला बदलता येते, मित्राला देता येते, शाळेतल्या चाळीस संगणकांवर विनापरवानगी बसवता येते, हे त्याला कधीच कळत नाही. हक्क त्याच्या हातात ठेवलेला असतो आणि मूठ मात्र बांधलेली.

या व्यवहाराची मराठी आवृत्ती पाहावयाची असेल तर फॉन्टच्या बाजारात पाहावी. लग्नपत्रिका, फलक, वाढदिवसाच्या शुभेच्छा यांचे काम करणाऱ्या डीटीपी चालकांना 'शेकडो मराठी फॉन्ट अत्यल्प किमतीत' अशा गठ्ठ्यांचे आमिष दाखवले जाते. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे मुक्ता, बलू यांसारखे उत्तम देवनागरी फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्स या परवान्याखाली सर्वांना विनामूल्य मिळतात. एकाचे तर नावच मुक्ता. या परवान्याचे वैशिष्ट्य असे की तो जीपीएलप्रमाणे सरसकट विक्रीची मुभा देत नाही. सॉफ्टवेअरसोबत बांधून फॉन्ट देता येतो, परंतु नुसता फॉन्ट विकण्यास त्यात स्पष्ट मनाई आहे. अशा गठ्ठ्यांत हे फॉन्ट असतील तर तो नैतिकतेचा प्रश्न उरत नाही, तो उघड परवानाभंग होतो. अक्षरांचे वळण बसवण्यासाठी, जोडाक्षरे नीट जुळावीत यासाठी ज्यांनी कित्येक महिने खर्ची घातले, त्यांनी ते मराठी समाजाला दिले. आणि ज्याने एक फाइल दुसऱ्या फोल्डरात टाकली तो त्याचे पैसे घेतो. ग्रामीण भागातील टंकलेखकाला हे सांगणारे कोणी नसल्यामुळे तो आजही कालबाह्य, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत मजकूर तयार करतो आणि पुढे तो कोठेच शोधता येत नाही.

दुसरे उदाहरण ग्रंथालयांचे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या छोट्या भागाच्या ग्रंथालय-विश्वस्त संस्थेने १९९९ मध्ये आपल्यासाठी एक ग्रंथालय-प्रणाली करवून घेतली आणि ती सर्वांसाठी खुली केली. तिचे नाव कोहा. माओरी भाषेत त्याचा अर्थ भेट, देणगी. आज महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांच्या ग्रंथालयांचे व्यवहार या देणगीवर चालतात. परंतु २०११ मध्ये एका अमेरिकी कंपनीने न्यूझीलंडमध्येच 'कोहा' या नावावर व्यापारचिन्हाचा हक्क सांगितला, आणि ज्यांनी देणगी दिली त्याच संस्थेला आपल्याच शब्दासाठी भांडावे लागले. जगभरच्या ग्रंथपालांनी वर्गणी पाठवली आणि अखेर संस्था जिंकली. संहितेवर मालकी सांगता येत नाही म्हटल्यावर भांडवल नावावर मालकी सांगू पाहते, हे या प्रकरणातून शिकण्यासारखे आहे. दलाल संकेतस्थळांचेही सारे बळ नावातच असते.

तेव्हा मुक्त सॉफ्टवेअरच्या विक्रीवर सरसकट बंदी घालावी, असे काही उत्साही मंडळी सुचवतात. हे औषध रोगापेक्षा वाईट ठरेल. २०२२ च्या उन्हाळ्यात मायक्रोसॉफ्टने आपल्या ॲप-दुकानात अन्यत्र फुकट मिळणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरच्या विक्रीतून नफा काढण्यास मनाई करणारा नियम जाहीर केला. कारण दलालांना आळा घालण्याचे दिले होते. प्रत्यक्षात त्याचा फटका बसला असता तो स्वतःच आपल्या सॉफ्टवेअरची प्रत अल्प किमतीला ठेवून कामाचा खर्च भागवणाऱ्या निर्मात्यांना. विरोध झाला आणि कंपनीला नियम बदलावा लागला. त्याच वर्षी सप्टेंबरात लिब्रेऑफिसच्या संस्थेने ॲपलच्या दुकानात आपली प्रत ८.९९ युरोंना ठेवली. स्वतःच्या संकेतस्थळावर मात्र ती पूर्वीप्रमाणेच विनामूल्य राहिली, आणि संस्थेने हे जाहीरपणे सांगितले. पैसे कोठे जाणार तेही सांगितले. यात लपवालपवी नाही, म्हणून फसवणूकही नाही.

निर्मात्यांच्या पोटाचा प्रश्न दुर्लक्षून मुक्ततेचे गोडवे गाणे समाजवाद्यांना तर मुळीच शोभत नाही. बँकांपासून दवाखान्यांपर्यंत सर्वांचे व्यवहार ज्याच्या भरवशावर सुरक्षित राहतात त्या ओपनएसएसएलमध्ये २०१४ मध्ये गंभीर दोष सापडला, तेव्हा जगाला कळले की या कामाला वर्षाकाठी सुमारे २००० डॉलर एवढीच देणगी मिळत होती. अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या कंपन्या ते वापरीत होत्या. छोटी दलाल संकेतस्थळे ही या चित्राच्या कडेची माणसे आहेत. मध्यभागी उभे आहेत ते अजस्र संगणक-भांडारांचे मालक, जे मुक्त संहिता आपल्या यंत्रांवर चढवून तिचा वापर तासाच्या दराने विकतात आणि परवान्याचे एकही कलम मोडत नाहीत. इलास्टिक या कंपनीने २०२१ मध्ये आपला परवाना आखडून घेतला तो ॲमेझॉनशी झालेल्या अशाच तंट्यातून. म्हणजे मोठ्या भांडवलाने फुकट घेतले आणि परिणामी मुक्ततेचे क्षेत्र आणखी आकसले. गल्लीतल्या भामट्यावर रोष धरताना या महामार्गाकडे पाठ फिरवली तर ते फार सोयीचे आंधळेपण होईल.

शासनाची जबाबदारी वेगळीच. या राज्यात २००१ पासून एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम चालतो. लक्षावधी तरुणांनी काही हजार रुपये भरून तो केला, शासकीय नोकरीसाठी तो करणे भाग पडले. यातील 'एमएस' म्हणजे महाराष्ट्र राज्य. पण अभ्यासक्रमाचा भर पाहता ते एका अमेरिकी कंपनीच्या नावाचे आद्याक्षर आहे असा ग्रह कोणाचा झाला तर त्याला दोष देता येणार नाही. लेखन म्हणजे वर्ड आणि हिशेब म्हणजे एक्सेल अशी ज्यांची घडण झाली, त्यांना दुसरे काही असते हेच माहीत नसते, आणि अशाच अनभिज्ञ गिऱ्हाइकावर दलालाचे दुकान चालते. केरळने दुसरी वाट धरली. तेथील शाळा मुक्त प्रणालीवर चालतात. २०१९ मध्ये तेथील सरकारी संस्थेने दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांच्या परवाना-खर्चात सुमारे ३००० कोटी रुपये वाचतील असा अंदाज दिला होता. हे जमण्यासारखे नाही असे महाराष्ट्राला म्हणता येणार नाही. ई-न्यायालय प्रकल्पात देशभरच्या जिल्हा न्यायालयांना उबुंटू ही मुक्त प्रणाली देण्यात आली आणि खटल्यांची नोंद ठेवणारी आज्ञावली राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या पुणे शाखेने मुक्त साधनांवरच घडवली. नागपूरचे जिल्हा न्यायालय त्याच व्यवस्थेचा भाग आहे. न्यायालयाच्या आत जे चालते ते बाहेरच्या टंकलेखकाला शिकवले जात नाही, एवढेच. केंद्र सरकारचे २०१५ चे धोरणही शासकीय खरेदीत मुक्त सॉफ्टवेअरचा विचार आधी व्हावा आणि तो नाकारल्यास कारण द्यावे असे सांगते. धोरणाची अंमलबजावणी करवून घेणारी शक्ती रस्त्यावर नसेल तर धोरण फायलीतच राहते.

ती शक्ती उभी करावयाची तर आरंभ स्वतःच्या कार्यालयांपासून करावा लागेल. संघटनांच्या आणि पक्षांच्या कचेऱ्यांतून चोरून उतरवलेल्या विंडोज व ऑफिसच्या प्रती सर्रास वापरल्या जातात, आणि भांडवलदाराला एक पैसाही दिला नाही असे समाधान त्यावर मानले जाते. हा भ्रम आहे. चोरीची प्रत ही मक्तेदारीची फुकट जाहिरात असते. ती वापरून वापरून हात त्याच वस्तूला सरावतात, पत्रके त्याच साच्यात तयार होतात, आणि सोबत आलेला विषाणू सभासदांची यादी घेऊन जातो तो वेगळाच.

नागपुरात करता येण्याजोगी कामे पुष्कळ आहेत. ज्या अनुदानित महाविद्यालयांनी ग्रंथालय-प्रणाली घेतली त्यांच्याकडे माहितीच्या अधिकारात देयकांच्या प्रती मागाव्यात. देयकात 'सॉफ्टवेअरची किंमत' या रकान्यात कोहासारख्या मुक्त प्रणालीसाठी रक्कम लावलेली आढळली, तर ती उभारणीची, प्रशिक्षणाची की देखभालीची, हे पुरवठादाराला लेखी विचारावे. आणि संहिता व माहितीची संपूर्ण प्रत महाविद्यालयाच्या ताब्यात आहे का, पुरवठादार बदलल्यास ती सोबत नेता येईल का, हेही विचारावे. ज्याची फसगत झाली त्याने गप्प बसू नये. सदस्यत्वाचा सापळा आणि छुपी जाहिरात हे दोन्ही प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत नावानिशी निषिद्ध ठरवले आहेत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, पुढे जिल्हा ग्राहक आयोगाचा दरवाजा आहे. युवक शाखांनी महिन्यातून एक रविवार ठरवून वस्तीतील वाचनालयात बसावे, येईल त्याच्या संगणकावर ही साधने मूळ पत्त्यावरून बसवून द्यावीत आणि ते पत्ते मराठीत छापलेला एक कागद त्याच्या हाती द्यावा. त्या कागदाच्या छपाईसाठी दोन रुपये घेतले तरी हरकत नाही, मात्र ते छपाईचे आहेत असे कागदावरच लिहावे.